लोअर ग्राउंडमधल्या जुन्या एसी डक्टला नवे व्हेंट जोडताना

प्रश्न थोडक्यात असा. वाशीत सेक्टर १७ मधल्या एका जुन्या इमारतीत लोअर ग्राउंडला सीएचं ऑफिस आहे, साधारण १,३०० चौरस फुटांचं. ८.५ टनाचं डक्टेबल युनिट फॉल्स सीलिंगमध्ये टांगलेलं आहे आणि त्याची डक्ट हॉल आणि दोन केबिनपर्यंत जाते. मागची १४ बाय १६ फुटांची रेकॉर्ड रूम रिकामी करून तिथे दहा माणसांची मीटिंग रूम करायची आहे. प्रश्नकर्त्यांच्या अमेरिकेतल्या मेव्हण्याने आपल्या घराच्या तळघरात हीटिंगचे दोन व्हेंट स्वतःच बसवले आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. डक्टचा पत्रा गोल कापला, कॉलर लावली, ग्रिल बसवली, झालं. इथला डक्टिंगवालाही तेच म्हणतोय, ‘दोन होल पाडून ग्रिल टाकून देतो साहेब, अर्ध्या दिवसाचं काम आहे.’ तर करून टाकावं का?

पत्रा कापणं खरोखरच अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याबद्दल तो खोटं बोलत नाही. पण नव्या खोलीत हवा पोचेल का, पोचलेली हवा परत कशी येईल, आणि जुलैमध्ये त्या ग्रिलमधून पाणी टपकेल का, या तिन्ही गोष्टी पत्रा कापण्याआधी ठरतात. मी ठाणे आणि नवी मुंबईत डक्टिंगचीच कामं करतो. लोअर ग्राउंडच्या तक्रारींमध्ये ‘गार होत नाही’पेक्षा ‘पाणी पडतंय’ आणि ‘कुबट वास येतोय’ याच जास्त असतात. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मेव्हण्यांच्या व्हिडिओबद्दल, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. तिकडे तळघरात गॅसची भट्टी असते आणि तिच्यातून निघणारी हवा साधारण ५० ते ६० अंशांची असते. डक्ट उघड्यावर टांगलेली, बहुतेक वेळा इन्सुलेशनही नाही. थोडी हवा गळली तरी ती घरातच राहते, आणि गरम पत्र्यावर दव धरत नाही. त्यामुळे कापा आणि जोडा हे तिथे बऱ्यापैकी चालून जातं. तरी तिथेही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गरम हवा वर राहते, म्हणून छतातल्या व्हेंटने डोकं तापतं आणि पाय गारच राहतात. जाणकार लोक डक्टचा फाटा भिंतीतून खाली उतरवून जमिनीजवळ व्हेंट देतात आणि रिटर्नही, म्हणजे खोलीतली हवा परत नेणारी वाटही, खालूनच घेतात. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. रिटर्नचं तोंड भट्टीजवळ किंवा गॅसच्या वॉटर हीटरजवळ ठेवलं तर ब्लोअर धुराड्यातला वायू मागे ओढू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइड घरभर फिरतो. तिकडच्या नियमात यासाठी १० फुटांचं अंतर सांगितलंय. मेव्हण्यांनी रिटर्न कुठून घेतलाय आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय का, हे पुढच्या फोनवर जरूर विचारा.

आपल्याकडे डक्टमधून १२ ते १४ अंशांची हवा वाहते. पावसाळ्यात बाहेर ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २८ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी बसणार. म्हणजे तुमच्या डक्टचा, कॉलरचा, ग्रिलचा जो भाग उघडा राहील आणि जिथे बाहेरची दमट हवा पोचेल, तिथे पाणी ठरलेलंच. आमच्या भाषेत डक्टला घाम येतो. एसी नीट चालू असलेल्या, दारं बंद असलेल्या खोलीत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू, म्हणजे हवेतलं पाणी बसायला लागतं ते तापमान, साडेचौदाच्या आसपास येतो. १३ अंशांची हवा सोडणारी ग्रिल तिथे अगदी काठावर असते. त्याच खोलीत आर्द्रता ७५ टक्के झाली की दवबिंदू १९ च्या वर जातो आणि ग्रिल ठिबकायला लागते. लोअर ग्राउंडला ऊन नाही, वारा नाही, मागच्या भिंतीला माती टेकलेली. आर्द्रता ७५ व्हायला तिथे फार वेळ लागत नाही.

आता तुमच्या खोलीला किती हवा लागेल ते बघू. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण ४५० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता सोडतो, त्यातली २५० खोली तापवणारी आणि उरलेली घाम-श्वासातल्या बाष्पाची. दहा माणसांचे झाले ४,५०० बीटीयू. दिव्यांचे साडेसातशे, दहा लॅपटॉपचे दोन हजार, टीव्हीचे सातशे, भिंती आणि छताचे हजार धरू. शिवाय ताजी हवा. ऑफिस आणि मीटिंग रूमसाठी प्रचलित हिशेब माणशी ५ सीएफएम अधिक दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम असा आहे; सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. तुमच्या खोलीला ती ६३ सीएफएम येते. ऐकायला किरकोळ वाटते. पण पावसाळी बाहेरची हवा आत आणून गार आणि कोरडी करायला ही ६३ सीएफएम जवळजवळ ४,९०० बीटीयू खाते, दहा माणसांपेक्षा जास्त. सगळं मिळून १४,००० च्या जवळपास, म्हणजे सव्वा टनाच्या जरासं आत. टनाचे १२,००० बीटीयू धरले आहेत.

हवेचं प्रमाण काढताना फक्त खोली तापवणारी उष्णता बघायची. ती सुमारे ७,००० बीटीयू आहे, आणि हवा खोलीपेक्षा ११ अंश गार सोडली तर ३२५ सीएफएम पुरते. मी साडेतीनशे धरीन, दोन ग्रिलना प्रत्येकी पावणेदोनशे.

ही ३५० सीएफएम आकाशातून येणार नाही. ब्लोअर देतो तेवढीच हवा सगळ्या ग्रिलमध्ये वाटली जाते. दोन तोंडं वाढली की बाकीच्यांच्या वाट्याची कमी होते. ८.५ टनाला टनामागे ४०० च्या हिशेबाने ३,४०० सीएफएम असायला हवी. तुमच्याकडे ती खरंच आहे का, हे कोणी मोजलंय? डक्टिंगवाल्याला ॲनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन बोलवा. प्रत्येक ग्रिलवर सात-आठ ठिकाणी वेग घ्यायचा, सरासरी काढायची, ग्रिलच्या मोकळ्या क्षेत्रफळाने गुणायचं, आणि सगळ्यांची बेरीज करायची. जुन्या कामांमध्ये ही बेरीज अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरते. कारणं साधीच असतात. फिल्टर तुंबलेला, हवा गार करणाऱ्या कॉइलवर मातीचा थर, युनिट आणि डक्ट यांच्यामधला कॅनव्हास फाटलेला आणि थंड हवा फॉल्स सीलिंगमध्ये भकाभका जातेय. कॅनव्हास आधी बघा. स्टूलवर चढून एक टाइल सरकवली की हाताला वारा लागतो. मोजणी २,६०० भरली तर नवे व्हेंट विसरा, आधी ही गळती आणि सफाई. कित्येकदा तेवढ्यानेच मागच्या खोलीपुरती हवा सुटते.

हवा पुरेशी आहे पण थंडावा शिल्लक आहे का, याची परीक्षा वेगळी. या मापाच्या बऱ्याच युनिटना दोन कॉम्प्रेसर असतात. सगळे जागेवर बसलेले असताना, थर्मोस्टॅट २४ वर ठेवून, त्यातला एक अधूनमधून बंद होतो का ते पाहा. होत असेल तर सव्वा टन निघेल. दोन्ही दिवसभर अखंड धडधडत असतील तर निघणार नाही, मग फाटा कितीही सुबक काढा. आणि ही परीक्षा मे महिन्यात घेऊ नका. लोअर ग्राउंडला उन्हाची झळ लागतच नाही; तिथली खरी कसोटी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस तोंडावर आलेला असतो आणि हवा अंगाला चिकटते तेव्हा, किंवा मग पाऊस उघडल्यावरच्या ऑक्टोबरमध्ये.

यावर काही जण एक तोडगा सुचवतात, की ब्लोअरची पुली बदलून वेग वाढवू. पट्ट्यावर चालणाऱ्या ब्लोअरमध्ये ते शक्य असतं. पण वेग १० टक्के वाढवला की मोटरवरचा भार साधारण ३३ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या घनाने वाढतो. मोटरचे अँपिअर मोजल्याशिवाय कोणी पुलीला हात लावत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. शिवाय कॉइलवरून हवा जास्त जोरात गेली की ती कमी कोरडी होते आणि कधी कधी कॉइलवरचं पाणीही सोबत उडवते. लोअर ग्राउंडला हे दोन्ही नकोय. उलट दमट जागेत मी टनामागे ४०० ऐवजी साडेतीनशेच्या आसपास सीएफएमवर खूश असतो.

फाटा कुठून काढायचा? डक्टिंगवाल्याला सोपं काय, तर शेवटच्या केबिनवर संपलेली डक्ट तशीच पुढे न्यायची. मोह होतो, कारण रेकॉर्ड रूम त्या भिंतीपलीकडेच आहे. पण डक्ट पुढे जाते तशी बारीक होत जाते, आणि शेवटचा तुकडा फक्त शेवटच्या ग्रिलपुरता असतो. समजा तो १२ बाय ८ इंचांचा आहे आणि त्यातून ४५० सीएफएम जाते. वेग मिनिटाला ६७५ फूट पडतो, उत्तम. त्यातूनच आणखी ३५० नेली की वेग १,२०० होतो आणि दाबाचा तोटा तिपटीच्या वर जातो. परिणाम असा की केबिनमध्ये सूं-सूं आवाज आणि मीटिंग रूममध्ये झुळूक. म्हणून फाटा मागे, जिथे डक्ट अजून रुंद आहे तिथून काढायचा. १२ बाय ६ इंचांचा फाटा ३५० सीएफएमला पुरतो, वेग ७०० राहतो. काटकोनात पेटी चिकटवू देऊ नका. हवेच्या दिशेला ४५ अंशांत उतरता शू, म्हणजे तिरका जोड, बनवून घ्या, हवा वळून आत शिरते. वळणाच्या लगेच पुढेही फाटा नको, तिथे हवा एका बाजूला लोटलेली असते. फाट्याच्या तोंडाशी व्हॉल्युम कंट्रोल डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, हवाच, आणि त्याचा दांडा टाइल सरकवून हाताला लागेल अशा ठिकाणी. ग्रिलच्या मागचा छोटा डँपर हे त्याला उत्तर नाही. तो मिटवला की शिट्टी वाजते. पत्रा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, ३० इंचांपर्यंतच्या डक्टला २४ गेज, आयएस ६५५ या भारतीय मानकाप्रमाणे. बिलात २४ लिहून साइटवर त्याहून पातळ २६ येतो, तेव्हा पत्रा आल्याबरोबर गेज लावून बघा. शेवटचे चार-पाच फूट इन्सुलेटेड फ्लेक्सिबल डक्ट चालेल, पण ताणून सरळ बसवलेली. पोटात दुमडून कोंबलेली फ्लेक्सिबल मी जिथे बघतो तिथे हवेची बोंब असते.

ग्रिल १५ बाय ६ इंचांच्या दोन घ्या, तोंडाशी वेग चारशेच्या आसपास राहील, आवाज येणार नाही. टेबलाच्या बरोबर वर लावू नका. ज्याच्या टकलावर थंड हवा पडते तो मीटिंगभर डँपर बंद करा म्हणत राहतो.

आता घामाचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. ठाण्यात नौपाड्यात एका तळमजल्याखालच्या कपड्यांच्या दुकानात मला असंच जोडलेलं काम बघायला बोलावलं होतं. नव्या ग्रिलभोवती जिप्समवर ताटाएवढं काळपट वर्तुळ, मधोमध पिवळा डाग, खाली काउंटरवर बादली. टाइल काढली. जुन्या डक्टवरचं इन्सुलेशनचं नायट्रिल रबर सुरीने चौकोनी कापून बाजूला सारलेलं, भोक पाडलेलं, कॉलर आत सारून तिच्या पाकळ्या वाकवलेल्या, आणि वरून तपकिरी पॅकिंगची टेप. पॅकिंगची टेप म्हणजे ज्याने खोके बांधतात तीच. ती एका पावसाळ्यात सुटून लोंबत होती. कापलेल्या रबराची कड उघडी होती आणि रबर व पत्रा यांच्यामधल्या फटीत पाणी साचलं होतं. बोटाने दाबलं की इन्सुलेशनच्या खालून धार यायची. वरून डक्ट अगदी झाकलेली, देखणी दिसत होती. आतल्या आत मात्र पत्रा गंजायला लागला होता. दुकानदार तोवर युनिटवाल्यालाच दोष देत होता.

नायट्रिल रबरासारखं बंद पेशींचं इन्सुलेशन काम करतं ते दोन गोष्टींवर, जाडी आणि सलगपणा. फॉल्स सीलिंगच्या आत, तेही लोअर ग्राउंडला, मी १९ मिमीच्या खाली जात नाही, दमट कोपऱ्यात २५. पण २५ मिमी लावून सांधा उघडा ठेवला तर १३ मिमी सलग लावलेलं बरं. बाष्प फट शोधतं. म्हणून नव्या शूभोवती, फ्लेंजवर, डँपरच्या दांड्याच्या बुडाशी, आणि मुख्य म्हणजे ग्रिलच्या मानेवर, प्रत्येक ठिकाणी कापलेली कड रबराच्याच अधेसिव्हने चिकटलेली हवी, आणि वरून त्याच मटेरियलची पट्टी. पत्र्याच्या सांध्यांत गॅस्केट आणि सिलिकॉन, म्हणजे थंड हवाच गळणार नाही. टांगायच्या पट्ट्या थेट पत्र्याला स्क्रू करू नयेत. इन्सुलेशनच्या बाहेरून आधार द्यावा, नाहीतर प्रत्येक पट्टी गार होऊन वरच्या टोकापर्यंत ओली होते. जागेवर उभं राहून करून घ्यायचं काम हे एवढंच आहे, बाकीच्या वेळी तुम्ही तुमचे रिटर्न भरलेत तरी चालेल.

रिटर्नवरून आठवलं, आमच्याही रिटर्नकडे कोणी शेवटच्या तारखेपर्यंत बघत नाही. मीटिंग रूममध्ये ३५० सीएफएम सोडली तर ३५० बाहेरही यायला हवी. तुमच्या हॉलची हवा फॉल्स सीलिंगवरच्या पोकळीतून युनिटकडे परत जाते, पण रेकॉर्ड रूमची भिंत विटांची आहे आणि थेट स्लॅबपर्यंत गेलेली आहे. म्हणजे ती खोली बंद डबा आहे. दाराखाली एक इंच फट ठेवू, असं सांगतील. तीन फुटी दाराखालची एक इंच फट म्हणजे पाव चौरस फूट. त्यातून ३५० काढायची तर वेग १,४०० होतो. दार वाजेल, शिट्टी वाजेल, आणि तरीही खोली फुगलेलीच राहील, कारण हवा त्या दाबाला आत यायलाच तयार नसते. ग्रिल कितीही मोठी लावा, मग हवा येत नाही अशी तक्रार येते. रिटर्नसाठी किमान २० बाय १२ इंचांची ग्रिल आणि तेवढ्याच मापाचं भिंतीतलं तोंड लागेल. मीटिंगमधलं बोलणं हॉलमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून ते सरळ आरपार न ठेवता, आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेल्या, दोन वळणांच्या छोट्या डक्टमधून न्या. भिंतीत भोक पाडताना बीम टाळा; जुन्या इमारतीत बीममधून कोअर काढण्याची भाषा कोणी केली तर तिथेच थांबवा. आणि ती भिंत आगरोधक म्हणून नकाशात दाखवलेली असेल तर तिथे फायर डँपर, म्हणजे आगीत आपोआप मिटणारी झडप, लागेल. इमारतीच्या जिन्यातून किंवा सामायिक पॅसेजमधून हवा परत घेण्याचा विचार तर करूच नका. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ ला ते मान्य नाही, कारण आग लागली की धूर त्याच वाटेवर येतो जिथून लोक पळणार असतात.

रिटर्न बसला की उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरा, एसी चालू ठेवून. धूर जवळपास सरळ वर गेला तर हिशेब जुळला.

ताजी हवा वेगळ्या छोट्या इनलाइन पंख्याने आणा, फिल्टर लावून, सहा इंची डक्टमधून, आणि तिचं तोंड युनिटच्या रिटर्न बाजूला सोडा म्हणजे ती कॉइलवरून कोरडी होऊनच आत येईल. थेट खोलीत सोडलीत तर आपण आत्ताच टाळलेलं दव स्वतःच्या हाताने आत आणलंत. पंख्याचं तोंड बाहेर कुठे उघडतं ते पाहा. पार्किंगच्या रॅम्पवर किंवा जनरेटरच्या धुराजवळ असेल तर ती ताजी हवा नव्हे.

मागच्या भिंतीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण रेकॉर्ड रूम होती म्हणजे फायलींना बुरशी लागलेली असणार असा माझा अंदाज आहे. वाशीचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिलाय, पाणी साठवायला होल्डिंग पाँड ठेवावे लागले ते त्यामुळेच. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि लोअर ग्राउंडच्या भिंतीतून झिरपतं. त्या ओल्या भिंतीवर पॅनेलिंग ठोकून आत एसी सोडला की पॅनेलमागे बुरशीची शेती होते आणि वास डक्टमधून केबिनमध्ये येतो. तेव्हा वॉटरप्रूफिंग आधी, मग निदान एक पावसाळा नाहीतर काही जोराच्या सरी बघून, भिंत कोरडी राहते याची खात्री करून पॅनेलिंग. डक्टिंगवाला याबद्दल बोलणार नाही, त्याचं ते काम नाही.

ड्रेनचंही पाहा. दमट दिवसात टनामागे तासाला दीड लिटरभर पाणी निघतं, म्हणजे तुमच्या युनिटचं बारा-तेरा लिटर. लोअर ग्राउंडला ते पाणी आपोआप गटारात जात नाही; पंप असतो किंवा संपमध्ये सोडलेलं असतं. नवी खोली जोडली की युनिट जास्त वेळ चालणार आणि पाणी वाढणार. पंपाचा फ्लोट अडकला तर युनिट बंद पडेल अशी वायरिंग करून घ्या. ड्रेनच्या नळीला युनिटजवळ यू-ट्रॅप आहे का तेही बघा. नसेल तर ब्लोअरच्या ओढीने पाणी ट्रेमध्येच अडून राहतं आणि एके दिवशी एकदम सांडतं.

परवानगीचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, तरी सांगतो. मंजूर नकाशात त्या मागच्या भागाचा वापर काय लिहिलाय ते आर्किटेक्टला विचारा. साठवणीची जागा आणि दहा माणसं बसायची जागा यांत कागदावर फरक आहे आणि जमिनीवरही. दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये २७ जुलै २०२४ ला कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले. तळघर परवानगीत गोदाम आणि पार्किंगचं होतं. तुमच्या खोलीतून बाहेर पडायला एकच वाट आहे का, ती पाण्याच्या किंवा धुराच्या वेळी चालेल का, हे व्हेंटच्या आधीचं आहे. इमारतीचा फायरचा सहामाही दाखला जानेवारी आणि जुलैत निघतो, तो काढणाऱ्या एजन्सीलाच एकदा खोली दाखवून घ्या.

एवढं सगळं वाचून, डक्टला हात न लावता वेगळा दीड टनाचा स्प्लिट लावला तर, असं मनात आलं असेल. वाईट विचार नाही. मीटिंग रूम संध्याकाळी उशिरा किंवा रविवारी, बाकी ऑफिस बंद असताना वापरणार असाल, तर स्प्लिटच लावा. एका खोलीसाठी ८.५ टन चालवण्यात अर्थ नाही. त्यात ताजी हवा नसते, म्हणून तो छोटा पंखा तरीही लागेल, आणि आउटडोअर युनिट कुठे बसणार व त्याचं ड्रेन कुठे जाणार हे आधी ठरवा. खोलीचा वापर ऑफिसच्याच वेळेत असेल, मोजणीत हवा भरली आणि कॉम्प्रेसर विसावत असेल, तर मी फाटाच काढीन. देखभाल एकाच युनिटची राहते. एक अडचण मात्र राहील, थर्मोस्टॅट हॉलमध्ये आहे. खोली रिकामी असेल तेव्हा ती विनाकारण गारठेल, आणि भरलेली असेल तेव्हा हॉल गार झाला की युनिट थांबेल. डँपर मोटरचा घेऊन खोलीत स्विच दिलात तर हे बरंच सुसह्य होतं.

वापराची एक सवय लावून घ्या. शनिवार-रविवार बंद राहिलेल्या लोअर ग्राउंडमध्ये सोमवारी सकाळी दमट हवा भरलेली असते. आल्या आल्या १८ वर टाकलं की सगळ्या ग्रिल घामेजतात. पहिला तासभर २५-२६ वर ठेवा, दारं बंद ठेवा, हवा कोरडी होऊ द्या, मग खाली आणा. पंखा ‘ऑटो’वर असू द्या, सतत चालू नको, कॉम्प्रेसर थांबल्यावर चालणारा पंखा कॉइलवरचं पाणी सुकवून पुन्हा खोलीत आणून सोडतो.

कोटेशन मागवताना ‘दोन ग्रिल बसवणे’ एवढ्या ओळीवर सही करू नका. पत्रा क्षेत्रफळाने, इन्सुलेशन वेगळ्या ओळीत जाडीसकट, शू, डँपर, रिटर्नची अस्तर लावलेली डक्ट, भिंत फोडणं आणि बुजवणं, आणि शेवटी हवा मोजून बॅलन्सिंग (प्रत्येक ग्रिलची हवा डँपरने जुळवणं), असं तोडून मागा. कामाआधीचे आणि कामानंतरचे सगळ्या ग्रिलचे आकडे लिहून घ्या. नव्या खोलीला ३५० मिळाले आणि जुन्या केबिनमधल्या हवेत फारशी घट झाली नाही, तर बॅलन्सिंग झालं असं समजा. काम उन्हाळ्यात झालं तर बिलाचा शेवटचा हप्ता जुलैतल्या एका पावसाळी आठवड्यापर्यंत राखून ठेवा, त्या आठवड्यात टाइल सरकवून नव्या सांध्यांवर कोरडा टिश्यू पेपर दाबून बघा, आणि तो कोरडा राहिला की चेक द्या.